आवडता प्राणी की चांगला प्रश्न?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मला दीड वर्ष झाले. शाळेत असल्यापासून बिबट्यांवर संशोधन करायचे हे माझ्या मनाने घेतले आहे. सध्या माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. मार्जारकुळातील मोठ्या प्राण्यांवरच्या एका नावाजलेल्या प्रकल्पात सहायकाचे काम मिळते आहे. तिथे कॅमेरे लावायचे आणि आलेली छायाचित्रे वेगळी करायची, पीएच.डी.च्या नोंदणीबद्दल मात्र ‘पुढे बघू’ एवढेच सांगितले जाते. दुसरीकडे एका विद्यापीठातील मार्गदर्शिका मला पीएच.डी.साठी घ्यायला तयार आहेत, पण त्यांचा विषय आहे गवताळ प्रदेशातील उंदरांची संख्या आणि तिच्यातील चढउतार. उंदरांमध्ये पाच वर्षे घालवली तर मी बिबट्यांपर्यंत पोहोचणार कधी? शिवाय शोधनिबंध लिहून खरोखर एखादा प्राणी वाचतो का, हा प्रश्न मला छळतो. कायमची नोकरी कधी लागणार असे घरचे विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसते. मी काय करावे?

उत्तर : आधी सरळ उत्तर देते आणि मग त्यामागची कारणे सांगते. उंदरांचा विषय घ्या. मात्र होकार कळवण्यापूर्वी त्या मार्गदर्शिकांशी काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. त्या कोणत्या, ते पुढे ओघात येईल.

तुमच्या पत्रात ‘बिबट्या’ हा शब्द अनेकदा आला आहे, पण बिबट्याबद्दल तुम्हाला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, याविषयी एकही वाक्य नाही. हा दोष मी तुमच्या पदरी टाकत नाही. या क्षेत्रात येणारे बहुतेक जण एखाद्या प्राण्यावरच्या प्रेमापोटी येतात, आणि ते प्रेम नसते तर उन्हातान्हात आणि पावसापाण्यात वर्षानुवर्षे राबण्याचे बळ कुणाला आलेच नसते. परंतु शास्त्रज्ञ म्हणून तुमचे जे आयुष्य उभे राहणार आहे, ते प्राण्याच्या नावावर उभे राहत नाही. तुम्ही विचारलेल्या प्रश्नावर आणि त्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे काढण्याच्या तुमच्या कौशल्यावर उभे राहते. हे कौशल्य कुठे अधिक चांगले शिकायला मिळेल, एवढाच निकष सध्या लावायला हवा.

आज जगभर वाघ, बिबटे, जग्वार मोजण्यासाठी जी पद्धत वापरली जाते, तिची मुळे मोठ्या मांजरांच्या अभ्यासात नाहीत. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान्नेस पीटरसन यांनी १८९६ मध्ये समुद्रातील चपट्या माशांना खुणा करून सोडण्याच्या प्रयोगांबद्दल लिहिले. अमेरिकेतील फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० मध्ये पायात क्रमांकाची कडी घातलेल्या बदकांच्या आधारे बदकांच्या एकूण संख्येचा अंदाज मांडला. काही प्राणी पकडायचे, त्यांना खूण करून सोडायचे, पुन्हा पकडायचे आणि दुसऱ्या वेळी हाती आलेल्यांमध्ये खुणेचे किती निघाले त्या प्रमाणावरून एकूण संख्या काढायची, असा हा साधा विचार आहे. अडचण अशी की सगळे प्राणी सारख्याच सहजतेने सापडत नाहीत. सापळ्यात एकदा खायला मिळालेला उंदीर पुन्हा पुन्हा येतो आणि एकदा घाबरलेला उंदीर त्या बाजूला फिरकत नाही. हा फरक हिशेबात कसा धरायचा, याची गणिती मांडणी १९७०च्या दशकात बरीच पुढे गेली, आणि तिला लागणाऱ्या नोंदी मोठ्या प्रमाणात ससे आणि उंदीर यांसारख्या लहान प्राण्यांच्या अभ्यासांतून आल्या होत्या. पुढे वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथील वाघांच्या अंगावरचे पट्टे म्हणजे निसर्गाने आधीच करून ठेवलेली खूण मानली, कॅमेरा ट्रॅपने (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याने) ‘पकडलेल्या’ छायाचित्रांना हेच गणित लावले आणि १९९५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कारंथ यांचे मूळ शिक्षण यांत्रिक अभियांत्रिकीचे होते. त्यांच्यासोबत ही पद्धत पुढे नेणारे जेम्स निकोल्स हे बदकांच्या आणि इतर प्राण्यांच्या संख्येचा अभ्यास करणारे संख्याशास्त्रात मुरलेले परिस्थितीविज्ञानी होते. म्हणजे वाघ मोजण्याची विश्वासार्ह पद्धत मासे, बदके आणि उंदीर यांच्या वाटेने वाघापर्यंत आली. तुम्ही ज्याला आडवाट समजता आहात, तीच या विषयाची मूळ वाट आहे.

सापळ्यांच्या ओळीवर एक दिवस कसा जातो, ते इथे सविस्तर सांगते, कारण तुमच्या मनात ‘उंदरांवर काम’ म्हणजे काहीतरी हलके काम असे चित्र दिसते. संध्याकाळी उजेड असताना ठरावीक अंतरावर पत्र्याचे लहान सापळे मांडायचे. आत आमिष ठेवायचे, आणि थंडी असेल तर प्राणी गारठून मरू नये म्हणून कापूस ठेवायचा. पहाटे ऊन चढण्याच्या आत प्रत्येक सापळा तपासायचा, कारण तापलेल्या पत्र्यात अडकलेला जीव फार काळ तग धरत नाही. दार मिटलेला सापळा कापडी पिशवीत उलटा करायचा, पिशवीसकट वजन करायचे, प्राण्याची जात, लिंग आणि प्रजननाची अवस्था पाहायची, कानात क्रमांकाची बारीक पट्टी लावायची किंवा आधीची असल्यास तिचा क्रमांक वाचायचा, आणि ज्या जागी पकडला त्याच जागी सोडायचा. हे सगळे शांतपणे आणि झटपट व्हायला हवे. हातातल्या प्राण्याचे हृदय किती वेगाने धडधडते आहे ते बोटांना जाणवत असते. मग वहीत नोंद. मिटलेल्या सापळ्याची नोंद होते, तशीच उघड्या आणि रिकाम्या सापळ्याचीही होते, आणि दार मिटलेले पण आत काहीच नाही अशा सापळ्याची वेगळी नोंद होते. पकडण्याची शक्यता, पुन्हा सापडण्याची शक्यता, जगण्याचा दर, नवीन आलेले आणि निघून गेलेले प्राणी, या कल्पना पुस्तकात वाचून डोक्यात शिरतात. हाताने शेकडो नोंदी केल्यावर मात्र त्या अंगवळणी पडतात. बिबट्याच्या छायाचित्रांनाही नेमक्या याच कल्पना लागतात. त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील ठिपक्यांची रचना वेगळी असते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. यापलीकडचा हिशेब बहुतांशी तोच राहतो.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. पीएच.डी.चा काळ मर्यादित असतो. लहान प्राण्यांच्या या काळात अनेक पिढ्या होतात, ऋतूंप्रमाणे त्यांची संख्या डोळ्यांदेखत वाढते आणि कोसळते, आणि तुमच्या हाती इतक्या नोंदी येतात की कारणांचा शोध घेता येतो. मोठ्या मांसभक्षक प्राण्यांच्या बाबतीत तेवढ्याच वर्षांत मोजक्याच प्राण्यांच्या मोजक्या नोंदी मिळतात. एकट्या विद्यार्थ्याने त्यांच्यावरून संख्येतील चढउतारांबद्दल ठाम विधान करणे अवघड असते. म्हणूनच मोठ्या प्राण्यांचे उत्तम अभ्यास बहुधा दीर्घकाळ चालणाऱ्या प्रकल्पांतून आलेले दिसतात. अमेरिकेतील लेक सुपिरियर सरोवरातील आयल रॉयल बेटावर लांडगे आणि मूस (मोठ्या आकाराची हरणे) यांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे आणि तो एका शास्त्रज्ञाकडून दुसऱ्याकडे असा वारशाने आला आहे. अशा प्रकल्पात शिरायचे तर स्वतःचे कौशल्य घेऊन शिरावे. मग तुम्हाला कॅमेरे लावणारा आणखी एक हात असे कुणी समजत नाही.

मोजणी चुकली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेच घडलेले आहे. भारतात अनेक वर्षे वाघांची गणना पावलांच्या ठशांवरून केली जात असे. अनुभवी माणूस ठसा पाहून कोणता वाघ ते ओळखतो, या गृहीतकावर ती आधारलेली होती आणि त्या अंदाजात किती चूक असू शकते, हे सांगण्याची सोय तिच्यात नव्हती. सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदावर वाघ होते. २००४ आणि २००५ च्या दरम्यान लक्षात आले की प्रत्यक्षात एकही उरलेला नाही. शिकार ही तिथली आपत्ती होतीच, पण ती वेळेवर कळली नाही, याचे एक कारण सदोष मोजणी हे होते. त्यानंतर देशपातळीवरची गणना बदलली आणि कॅमेरा ट्रॅप व संख्याशास्त्रीय पद्धती अधिकृतपणे वापरात आल्या. वाघावर प्रेम करणाऱ्यांची त्या काळातही वाण नव्हती. वाण होती ती ‘हा आकडा कशावरून?’ असे विचारून शेवटपर्यंत पाठपुरावा करणाऱ्यांची.

याच संदर्भात रिकाम्या सापळ्याकडे पुन्हा वळते. प्राणी दिसला नाही याचा अर्थ तो तिथे नाही असा होत नाही. तो असूनही आपल्याला दिसला नसेल. हा भेद गणितात बसवण्याची एक पद्धत डॅरिल मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडली आणि ती आज बेडकांपासून हत्तींपर्यंत सगळीकडे वापरली जाते. तिला एकच गोष्ट लागते : एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणे आणि काहीही न मिळाल्याची नोंदसुद्धा इमानेइतबारे ठेवणे. ज्या विद्यार्थ्याला शून्य लिहिण्याची लाज वाटत नाही, त्याच्या वहीवर मी विश्वास ठेवते.

गणिताची भीती वाटत असेल, तर ती आत्ताच दूर करायला लागा. पुढे ढकलू नका. जीन ऑल्टमन यांचे आधीचे शिक्षण गणिताचे होते. प्राण्यांचे वर्तन पाहताना कुणाकडे, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने पाहायचे, याबद्दल त्यांनी १९७४ मध्ये लिहिलेला शोधनिबंध वर्तनशास्त्राचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. केनियातील अंबोसेली येथील बबून माकडांवरचे त्यांचे काम अनेक दशके चालले. गणित येत असल्यामुळे त्यांचे प्राण्यांशी असलेले नाते तुटले नाही. उलट आपण जे पाहतो त्यावर कितपत विसंबायचे, हे त्यांना इतरांपेक्षा आधी उमगले. ‘आर’ ही संख्याशास्त्रीय हिशेबांसाठीची संगणकीय भाषा शिकायला घ्या आणि रोज थोडा वेळ द्या. एवढे पुरे.

आता मार्गदर्शिकांशी काय बोलायचे ते सांगते. माझ्या मते पीएच.डी.ची निवड करताना प्राण्यापेक्षा आणि विद्यापीठाच्या नावापेक्षाही मार्गदर्शक महत्त्वाचा असतो, आणि हे बहुतेकांना उशिरा कळते. त्यांना विचारा : प्रकल्पाचा निधी किती काळासाठी मंजूर आहे आणि तो संपल्यावर तुमच्या छात्रवृत्तीचे काय? क्षेत्रकामाची सरकारी परवानगी हाती आली आहे की अर्ज नुसता पडून आहे? (परवानगीची वाट पाहण्यात एखादा पूर्ण हंगाम हातचा जाऊ शकतो, आणि हंगाम गेला म्हणजे वर्ष गेले.) तुम्ही गोळा केलेल्या नोंदी कुणाच्या मालकीच्या असतील आणि शोधनिबंधात पहिले नाव कुणाचे असेल? क्षेत्रकामात राहण्याची, वाहनाची आणि आजारपणाची काय व्यवस्था आहे? एकट्या बाईने रात्री-अपरात्री कामावर जायची वेळ येते का, आणि एखाद्या सहकाऱ्याकडून त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची? हे विचारताना संकोच बाळगू नका. चांगल्या मार्गदर्शिकेला असे प्रश्न आवडतात. ज्यांना ते आवडत नाहीत, त्यांच्याबद्दल तुम्हाला तिथल्या तिथे पुरेसे कळलेले असते. त्यानंतर त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे भेटा. किती जणांनी काम पूर्ण केले, किती जण मध्येच सोडून गेले, आणि सोडून गेलेले आज काय म्हणतात, हे विचारा. पूर्ण केलेल्यांपेक्षा सोडून गेलेल्यांकडून अधिक समजते.

सहायकाच्या कामाला मी कमी लेखत नाही. या क्षेत्रातील कितीतरी उत्तम शास्त्रज्ञांनी सुरुवात तशीच केली आहे, आणि तुमचे शिक्षण नुकतेच संपले असते तर ‘वर्षभर तिथे काम करा’ असे मी कदाचित म्हटलेही असते. पण पीएच.डी. तुमच्या दारात उभी असताना ‘पुढे बघू’ या दोन शब्दांवर विसंबून ती नाकारणे मला पटत नाही. मोठ्या प्रकल्पात प्रश्न आधीच ठरलेला असतो आणि तो ठरवणारा दुसराच असतो. तुम्ही हजारो छायाचित्रे वेगळी कराल, ठिपके ओळखण्यात तरबेज व्हाल, आणि तरीही स्वतःचा असा एक प्रश्न तुमच्याकडे नसेल, हे सहज होऊ शकते. त्या प्रकल्पाच्या प्रमुखांनी नोंदणीची तारीख आणि तुमचा स्वतंत्र विषय लेखी दिला, तर मात्र मला पुन्हा विचार करावा लागेल.

तुमचा दुसरा प्रश्न, शोधनिबंधांनी प्राणी वाचतात का, हा मला तिन्हींत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यावर गिधाडांची हकिगत सांगण्यासारखी आहे. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करताना गिधाडांच्या नोंदी ठेवल्या होत्या. तेव्हा गिधाडे इतकी विपुल होती की ती संपतील असे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. १९९०च्या दशकात ते पुन्हा मोजायला गेले तेव्हा घट लक्षात आली. ती नुसती जाणवली असे नव्हे, तर दाखवता आली, कारण आधीचे आकडे हाती होते. आणि १९९९ मध्ये ती शोधनिबंधाच्या रूपाने सर्वांसमोर आली. पुढे कळले की १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या जवळजवळ ९९.९ टक्क्यांनी घटली होती. कारण काय? सुरुवातीला संसर्गजन्य रोगाचा संशय होता. कीटकनाशके आणि जड धातू यांचीही तपासणी झाली. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी करणाऱ्या चमूने, ज्यात लिंडसे ओक्स हे पशुवैद्यकातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते, २००४ मध्ये दाखवून दिले की गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यांच्या मृत शरीरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि मूत्रपिंडे निकामी करते. नुसते ‘हे औषध बंद करा’ म्हणून भागणार नव्हते. गुरांवर उपचार करणाऱ्यांना पर्याय हवा होता. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रयोगांतून दिसले, आणि २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळ यांनी पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर निर्बंध आणले. गिधाडे अजून पूर्वीसारखी झालेली नाहीत. परंतु कारण सापडले नसते तर आपण अधिवास, खाद्य आणि रोग यांच्या मागे धावत राहिलो असतो आणि उरलीसुरलीही गेली असती.

या साखळीकडे नीट पाहा. कुणी घरटी मोजली, कुणी शवविच्छेदन केले, कुणी औषधाच्या मात्रांचे प्रयोग केले, कुणी सरकारदरबारी खेटे घातले. एकट्या माणसाने गिधाडे वाचवायचे ठरवले असते तर यातले काहीच झाले नसते. शोधनिबंध हा त्या साखळीतला एक दुवा असतो; त्यातून पुढच्या माणसाला पकडायला काहीतरी मिळते. आणि पहिली मोजणी झाली, तेव्हा तिचा पुढे काय उपयोग होणार हे मोजणाऱ्यालाही ठाऊक नव्हते, ही गोष्ट तुम्ही उंदरांच्या संदर्भात लक्षात ठेवावी असे मला वाटते. गवताळ प्रदेशांची झपाट्याने नासाडी होते आहे आणि तिथल्या घुबडांचे, खोकडांचे आणि रानमांजरांचे अन्न असलेल्या लहान प्राण्यांच्या विश्वासार्ह नोंदी फार थोड्या आहेत.

अर्थात, शोधनिबंध छापून आला की तो आपोआप योग्य माणसाच्या हाती पडेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ज्यांच्या जमिनीवर तुम्ही सापळे मांडाल त्या गावकऱ्यांना, आणि त्या प्रदेशाची व्यवस्था पाहणाऱ्या वनकर्मचाऱ्यांना, तुमचे निष्कर्ष त्यांच्या भाषेत, दोन पानांत, दर वर्षी कळवा. विद्यापीठ त्याचे गुण देणार नाही; तरीही कळवा. तुमच्यासोबत पहाटे उठून सापळे तपासणारा स्थानिक माणूस कोणती वाट ओली आहे आणि कोणत्या बिळात वस्ती आहे ते तुमच्याआधी ओळखतो. त्याचे ज्ञान तुमच्या निष्कर्षांचा पाया असेल, तर शोधनिबंधाच्या लेखकांत त्याचे नाव आले पाहिजे. तळटीपेत आभार मानून हात झटकणे मला अन्यायाचे वाटते.

शास्त्रज्ञाने बाजू घ्यावी की तटस्थ राहावे, हेही तुम्हाला लवकरच कुणीतरी विचारेल. मायकेल सुले यांनी १९८५ मध्ये संवर्धन जीवशास्त्राची ओळख करून देताना त्याला संकटकाळाचे शास्त्र म्हटले : इथे पुरेशी माहिती हाती येण्याआधी निर्णय घ्यावे लागतात. ग्रॅम कॉफले यांनी १९९४ मध्ये त्यात एक महत्त्वाची भर घातली. एखाद्या जातीचे फार थोडे प्राणी उरले म्हणजे काय होईल, याचे सुंदर सिद्धांत आपल्याकडे आहेत, पण ते मुळात कमी का झाले, याचा निदानात्मक शोध आपण पुरेसा घेत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला दोघांचेही पटते. वन्यजीव वाचावेत, ही बाजू उघडपणे घ्या; आकडा काय निघावा, याची बाजू कधीही घेऊ नका. तुमच्या आवडत्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारी नोंद वहीत आली, तर ती सर्वांत आधी मार्गदर्शिकांना दाखवा. आणि ज्या सुले यांचे नाव आज या शास्त्राच्या संस्थापकांत घेतले जाते, त्यांची पीएच.डी. कॅलिफोर्नियाच्या आखातातील बेटांवरच्या सरड्यांवर होती, हे जाता जाता सांगून ठेवते.

राहिला नोकरीचा प्रश्न. इथे गोड बोलून मी तुमची फसवणूक करणार नाही. पीएच.डी.नंतर विद्यापीठात कायमची जागा मिळेलच असे नाही. जागा थोड्या आणि पात्र उमेदवार पुष्कळ, ही स्थिती जगभर आहे. मध्ये पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदांची, दोन-तीन वर्षांची कंत्राटे येतात, त्यांसाठी गाव आणि कधी देशही बदलावा लागतो, आणि ज्या वयात बरोबरीचे लोक घर थाटतात त्या वयात तुम्ही निधीचे अर्ज लिहीत असता. शोधनिबंध परत येतात. निधीचे अर्ज नाकारले जातात. हे प्रत्येकाच्या वाट्याला येते. त्यावरून स्वतःची किंमत ठरवू नका. मात्र विद्यापीठ हा एकच मुक्काम आहे असेही धरून चालू नका. वर ज्यांचा उल्लेख केला ते निकोल्स अमेरिकेच्या सरकारी संशोधन केंद्रात काम करत होते. सरकारी संस्था, स्वयंसेवी संस्था, संग्रहालये, पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्था या सगळ्यांना नोंदी नीट गोळा करणारी आणि त्यांचा हिशेब मांडू शकणारी माणसे लागतात. विशिष्ट प्राण्याचा जाणकार प्रत्येकाला लागेलच असे नाही. उंदरांचा विषय घ्या म्हणताना माझ्या मनात हेही होते.

घरच्यांना ‘माहीत नाही’ हे उत्तर देण्याऐवजी एक आराखडा सांगा. छात्रवृत्ती किती वर्षे आहे, ती संपल्यावर कायमच्या जागेसाठी तुम्ही किती काळ प्रयत्न कराल, आणि तोवर जमले नाही तर कोणत्या कामाकडे वळाल, हे आधी स्वतःशी ठरवा आणि मग त्यांच्यासमोर मांडा. त्यांची काळजी रास्त आहे, आणि तिला तुमच्या आवडीचा अपमान समजू नये. मुदत ठरवलेली असली की वाईट वर्षातसुद्धा माणूस थोडा शांत राहतो. आणि ठरवलेली मुदत संपल्यावर दुसरीकडे वळलात, तर त्याला हार म्हणण्याचे कारण नाही. सुले यांनीही मध्यंतरी काही वर्षे विद्यापीठ सोडले होते आणि नंतर ते परतले.

होकार कळवण्यापूर्वी एक गोष्ट करा. मार्गदर्शिकांना पत्र लिहून, त्यांच्या पुढच्या सापळासत्रात चार-पाच दिवस सोबत येऊ का, असे विचारा. स्वतःची वही न्या. पहिल्या दिवशी तुम्हाला कंटाळा येईल, दुसऱ्या दिवशी हात जरा सरावतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, त्याच सापळ्यात तोच क्रमांक पुन्हा का आला, किंवा बांधापलीकडच्या ओळीत काहीच का सापडत नाही, असा एखादा ‘का’ तुमच्या वहीच्या समासात आपोआप लिहिला गेला, तर निर्णय झाला असे समजा. समास कोराच राहिला तर मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात बिबट्यांबद्दल तुम्हाला पडलेले तीन प्रश्न पाठवा. मग त्यांतला कोणता प्रश्न कुणाकडे घेऊन जायचा, याचा आपण नीट विचार करू.